मनूची दुपार

टांपरे, फिनलंड

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

मनू आता सकाळी ज्युनिअर केजीला आणि दुपारी जेवून उठला की ट्यूशनला जातो, हे ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. अजून चार पूर्ण नाहीत त्याला! मागे पडेल ही तुमची धास्ती मला कळते. तरी लिहिते.

मी काम करते त्या बालवाडीतल्या सहा वर्षांच्या कितीतरी मुलांना अजून वाचता येत नाही आणि कुणी घाबरत नाही. इथे मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी पहिली सुरू होते. आधीचं एक वर्ष २०१५ पासून सक्तीचं आहे, पण त्यातही भर खेळावरच. बर्फ असो, पाऊस असो, मुलं रोज बाहेर.

हे परक्यांचं कौतुक नव्हे. आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालवाडी सुरू केली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षांपर्यंत खेळातूनच शिकवा म्हणतं.

दादा, पेन्सिल धरायची ताकद बोटांत वाळू उपसून, चिखल मळून येते. काजूच्या बियांचा डाव मांडला की किती हरल्या, किती उरल्या हे त्याला पाढ्यांआधी कळेल. पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या विरीवर कोण बसणार नि कोण ओढणार यावरून तो शेजारच्या पोरांशी भांडेल, रडेल आणि मग त्यांचं तेच मिटवतील. ते मिटवणं कुठल्या वर्कबुकात येतं? समर कॅम्पचा तोडगाही नको. मोठ्यांनी शिट्टी वाजवून खेळवलं की तो खेळ मुलांचा राहत नाही.

विहिरीची भीती आहे, मान्य. आबा पडवीत बसतील, लक्ष ठेवतील. फक्त मध्ये बोलू नका म्हणावं.

शाळा राहू दे, ट्यूशन या महिन्यापासून बंद करा. वहिनी, बाईंना काय सांगायचं असा संकोच वाटत असेल तर मला फोन लाव, मी बोलते त्यांच्याशी. इथे संध्याकाळी सहा म्हणजे तुमचे रात्रीचे साडेआठ-साडेनऊ, तेव्हा मी मोकळी असते.

तुमची,
सुमा