तो 'बहुधा' काढू नकोस

प्रिय मित्रा,

तुझी तिन्ही प्रकरणं एका बैठकीत वाचली. मध्यरात्र उलटली तरी पानं खाली ठेववेनात, तेव्हा गोष्ट सांगण्याबद्दल तुला काही शिकवायला नको. भांडायचंय ते दुसऱ्या प्रकरणावरून.

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीजचा खून झाला आणि ३८ शेजारी खिडकीतून अर्धा तास बघत राहिले, हे तू फार रंगवून लिहिलंयस. मलाही ते वर्षानुवर्षं खरंच वाटायचं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर छापलं, पाठ्यपुस्तकांनी उचललं. पण असे ३८ साक्षीदार नव्हतेच रे. बहुतेकांच्या कानावर नुसता आरडाओरडा आला होता. दुसरा हल्ला तर इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याच्या पायथ्याशी झाला. समोरच्या खिडक्यांतून तो दिसणार कसा? २०१६ मध्ये खुद्द त्या वर्तमानपत्रानेच बातमी सदोष होती असं मान्य केलं.

आणि तुझ्या प्रकरणात एक बाई नाहीच. मारेकरी अजून तिथेच असेल की गेला असेल, याचा विचार न करता ती शेजारीण खाली धावली आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या किटीला जवळ घेऊन बसली. यात गोष्ट कमी आहे का? त्या ३८ आकड्याने तिला जागाच ठेवली नाही. (त्या बातमीनंतर डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी, आजूबाजूला माणसं जास्त असली की मदतीला जाणं कमी होतं का, यावर केलेले प्रयोग मात्र स्वतःच्या पायावर उभे आहेत. ते खुशाल ठेव.)

१०,००० तासांच्या रियाजाचीही तीच गत. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनच्या १९९३ च्या अभ्यासात ती उत्तम व्हायोलिनवादकांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, म्हणजे त्यातल्या काहींचा रियाज त्याहून कमीच भरला. तू लिहितोस, 'तेवढे तास घाला, निष्णात व्हाल'. असं कुणी सिद्ध केलंय?

'बहुधा' घातलं की वाक्याचा जोर जातो, ही तुझी तक्रार मला कळते. मीही एकदा न्यूटनच्या थेट डोक्यावर सफरचंद पाडलं होतं! बिचाऱ्याने ते नुसतं पडताना पाहिल्याची आठवण सांगितली होती. टाळी मिळाली, हे कबूल करतो.

तिसऱ्या प्रकरणातल्या नवरा-बायकोच्या संवादाला पत्रं किंवा डायरी असा आधार आहे का? असेल तर तळटीप दे. नसेल तर अवतरणचिन्हं काढ आणि मला पुन्हा पाठव. मी जागाच आहे.

तुझा,
पहिला वाचक