भांबुर्ड्याची शाळा

शिवाजीनगर, पुणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फारच वैतागली होतीस. "अप्पा, पहाटेपासून नुसतं डावं-उजवं. तपास शिकायला आले आणि टाचा आपटतेय." पुढे मी काही बोलणार, तोवर तुझ्या आईने फोन ओढून घेतला आणि मेसच्या भाजीची चौकशी सुरू केली. म्हणून लिहितो.

ज्या पोलीस अकादमीच्या नावाने तू बोटं मोडतेस ती मूळची आपल्याच गल्लीतली. नाशिकला ती गेली १९०९ साली. त्याआधी १९०६ ला ती सुरू झाली इथे, भांबुर्ड्यात. भांबुर्डा म्हणजे आपलं शिवाजीनगर. रोकडोबाच्या देवळाकडच्या जुन्या घरांच्या कागदांवर अजून 'मौजे भांबुर्डा' सापडतं.

शाळा निघाली ती पोलिसांची लाज निघाल्यावर. लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर यांचा पोलीस आयोग नेमला. आयोगाने अहवालात लिहिलं की या खात्याला धड प्रशिक्षण नाही, वरून देखरेख नाही आणि लोक पोलिसाला भ्रष्ट आणि जुलमी समजतात. (खातं इंग्रज साहेबांनीच १८६१ च्या कायद्याने बांधलेलं. पण खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं, हे तुला आता कळेलच.) मग प्रांतोप्रांती प्रशिक्षणाच्या शाळा काढायच्या आणि शिकलेली मुलं थेट फौजदार म्हणून घ्यायची, असं ठरलं. एमपीएससी देऊन तू ज्या दारातून आत गेलीस, ते दार तेव्हाचं. मी १९८८ ला शिपाई म्हणून लागलो आणि पस्तीस वर्षांनी सहायक फौजदार म्हणून घरी आलो. आता लेकीला सॅल्यूट ठोकावा लागणार म्हणून आई मला रोज चिडवते.

शाळेचं पुढे कॉलेज झालं, कॉलेजची अकादमी. शिपायांच्या शाळा वेगळ्या: मरोळ, नागपूर, अकोला, जालना, धुळे, इकडे आपल्या जिल्ह्यात खंडाळा. मी खंडाळ्याचा. ऐन पावसाळ्यात गेलो. धुक्यात पुढच्या रांगेची पाठ दिसायची नाही, फक्त उस्तादांचा आवाज यायचा आणि त्यावर पाय पडायचे. गणवेश चार-चार दिवस वाळायचा नाही, बुटांना आतून बुरशी. एकाचं पाऊल चुकलं की सगळ्या पथकाला रगडा. तेव्हा मीही तुझ्यासारखाच मनात शिव्या घालायचो. आणि खरं सांगू? कवायत जरा जास्तच होती. पंचनामा कसा लिहायचा यावर मोजून काही तास, कवायतीवर महिने.

त्याची किंमत पुढे मोजली. एका ठाण्यात मी एका फौजदारसाहेबांचा रायटर होतो, म्हणजे त्यांचे कागद लिहिणारा. घरफोडीचा गुन्हा, माल मिळालेला, आरोपी सराईत. पंचनामा मी लिहिला: सुरू ४.१०, संपला ५.००. स्टेशन डायरीत आम्ही ठाण्यात परत आल्याची नोंद मात्र ४.४० ची. तीही माझ्याच अक्षरात. कोर्टात आरोपीच्या वकिलांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले आणि साहेबांना शांतपणे विचारलं, "आपण एकाच वेळी दोन ठिकाणी होतात का?" साहेबांना उत्तर देता येईना. आरोपी सुटला. साहेब मला एक शब्द बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर फक्त पाणी मागितलं.

हे तुला आत्ता सांगतोय, कारण या गोष्टीत तू माझ्या जागी नसशील, साहेबांच्या जागी असशील. लिहील तुझा रायटर, खाली सही तुझी. तो माझ्यासारखाच दमलेला असेल, सकाळच्या बंदोबस्तावरून थेट आलेला. त्याचा कागद सही करण्याआधी वाचायला दोन मिनिटं लागतात. तेवढी आमच्या साहेबांकडे त्या दिवशी नव्हती.

तुमचं काम तर आणखी किचकट. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि कलमांचे आकडे बदलले. मी अजून खुनाला ३०२ म्हणतो, तू १०३ म्हणशील. झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांना जागेवर बोलवावं लागतं. म्हणजे कागदावरची वेळ आता कॅमेऱ्यातल्या वेळेशीही जुळली पाहिजे. कायद्याच्या तासाला पुढच्या बाकावर बस. कवायतीचा राग तिथे डुलक्या काढून काढू नकोस.

आईने डिंकाचे लाडू आणि जाड मोज्यांचे चार जोड पाठवलेत. मोजे रात्री उशाखाली ठेव, निदान कोमट तरी राहतात. खंडाळ्यात शिकलेली एवढी एकच गोष्ट मी कधी विसरलो नाही. दीक्षान्त संचलनाची तारीख कळली की लगेच सांग. वाकडेवाडीच्या स्टँडवरून पहाटेची नाशिक गाडी पकडू, आईने साडी आत्ताच काढून ठेवलीय.

आणि सरावाचा पहिला पंचनामा लिहिलास की त्याचा फोटो मला पाठव. अक्षर कसं का असेना, मी आधी वेळ बघणार.

तुझे,
अप्पा