डबा धरणाऱ्यांना भिकारी म्हणू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला, इथल्या वेंटवर्थ वुडहाउस या जुन्या भव्य वाड्यावरचा लेख काल रॉदरहॅममध्ये वाचला. वाड्याच्या दुरुस्तीसाठी देणगीचे डबे घेऊन उभे राहणाऱ्यांना त्यात ‘लाचार’ म्हटले आहे. ‘सरदारांच्या वाड्यासाठी भिकेचा डबा’ या मथळ्याने आलेला संताप अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. त्या डब्यांपैकी एक माझ्या हातात असतो.

वाडा आता सरदारांचा नाही. २०१७ मध्ये एका विश्वस्त संस्थेने तो ७० लाख पौंडांना विकत घेतला. सरकारने तातडीच्या दुरुस्तीसाठी ७६ लाख पौंड दिले, हे लेखकाने ठळकपणे सांगितले आहे. पण तीनशेहून अधिक खोल्या आणि जवळपास १८५ मीटर लांबीचा दर्शनी भाग असलेल्या वास्तूला तेवढे किती पुरणार? उरलेल्यासाठी आम्ही रोपे विकतो, केक करतो, जुनी पुस्तके मांडतो, पाहुण्यांना वाडा दाखवतो. काचघरातली कॅमेलियाची जुनी झाडे वर्षानुवर्षांच्या आबाळीतूनही तगली आहेत. त्यांच्यासाठी डबा धरायला मला लाज का वाटावी?

लेखात १९४६ चे नावही नाही, हे तर अक्षम्य आहे. त्या वर्षी इंधनमंत्री शिनवेल यांच्या हुकुमाने कोळशासाठी इथल्या बागा खणल्या गेल्या. यंत्रे थेट वाड्याच्या मागच्या भिंतीपर्यंत आली, मोठाली झाडे मुळासकट गेली, मातीचे ढिगारे खिडक्यांसमोर उभे राहिले. विरोधाला कोण उभे राहिले? खाणकामगार. त्यांच्या संघटनेचे यॉर्कशायरचे अध्यक्ष जो हॉल यांनी थेट पंतप्रधान अ‍ॅटलींकडे विरोध नोंदवला. वाड्याच्या मालकांच्या ज्या घराण्याने कोळशावर पैसा केला, त्याची बाग वाचावी म्हणून कोळसा खणणारे बोलले, कारण ती बाग त्यांचीही होती. घराण्याच्या संपत्तीवर लेखकाने जरूर टीका करावी. पण ज्यांच्या घामावर ती उभी राहिली, त्यांचीच मुले-नातवंडे आज इथे राबतात. त्यांना ‘लाचार’ म्हणण्याचा अधिकार लेखकाला कोणी दिला?

गेल्या उन्हाळ्यात रोपांच्या टेबलाशी उभी होते. एक मराठी कुटुंब आले. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले आणि बायकोला म्हणाले, “साहेबाची चाकरी काही सुटत नाही आपल्या लोकांची.” मला मराठी कळते, हे त्यांना ठाऊक नसावे, किंवा असूनही पर्वा नसावी. मी म्हटले, “अहो दादा, हा वाडा कोणा साहेबाचा राहिलेला नाही.” त्यांनी वाड्यासमोर फोटो काढून घेतले आणि निघून गेले. माझ्या शेजारी जी बाई रोपांना पाणी घालत होती, तिचे वडील खाणीत काम करून फुप्फुसाच्या आजाराने गेले. “काय म्हणाले ते?” असे तिने विचारले. मला ते सांगवले नाही. आणि आता तेच वाक्य, जरा सभ्य भाषेत, माझ्याच वर्तमानपत्रात!

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरगावी एक चौसोपी वाडा होता. मंदिराच्या कळसासाठी घरटी वर्गणी निघाली, पण वाड्यासाठी कोणी पावतीपुस्तक काढले नाही. सागाच्या तुळया घनफुटावर विकल्या गेल्या. तेव्हा एखादी बाई डबा घेऊन दारोदार फिरली असती, तर मी तिच्या पाया पडले असते.

आणखी एक. लेखासोबत छापलेले छायाचित्र वेंटवर्थचे नाहीच. समोर नदी आणि दगडी पूल दिसतो, ते डर्बीशायरमधले चॅट्सवर्थ आहे. दोन्हींत फार अंतर नाही, पण चॅट्सवर्थ आजही ड्यूकच्या घराण्याचे निवासस्थान आहे. ‘सरदारांचा वाडा’ हा घोटाळा कदाचित तिथूनच सुरू झाला असेल. पुढच्या रविवारी याची दुरुस्ती छापावी, आणि ती मथळा होता तेवढ्याच ठळक टाइपात असावी.

— एक वाचक, रॉदरहॅम (इंग्लंड)