भिन्नमताला परिशिष्टाच्या तळघरात टाकू नका

महोदय,

सरकारी समितीचा किंवा कार्यगटाचा अहवाल आला की 'समितीने शिफारस केली' एवढेच छापून येते. कोणा सदस्याने विरोध नोंदवला असेल तर तो शेवटच्या परिशिष्टात असतो, आणि तिथवर जातो कोण? मंडल आयोगाचे सदस्य एल. आर. नाईक यांनी १९८० मध्येच लिहून ठेवले होते की मागास जातींचे दोन गट करावेत, नाहीतर तळच्या जातींच्या हाती फारसे काही लागणार नाही. ओबीसींच्या उपवर्गीकरणासाठी रोहिणी आयोग नेमला गेला तो २०१७ मध्ये. आपल्याकडचे त्याआधीचे उदाहरण म्हणजे सायमन आयोगाच्या मदतीसाठी नेमलेली मुंबई प्रांतिक समिती. बहुमताच्या अहवालावर सही न करता डॉ. आंबेडकरांनी १७ मे १९२९ रोजी स्वतंत्र अहवाल दिला. आज लोक वाचतात तो हाच!

घोळ बहुधा शेवटच्या आठवड्यात होतो. शेकडो पानांचा मसुदा आदल्या संध्याकाळी हाती पडतो आणि हरकती दुसऱ्या दिवशी मागितल्या जातात. वक्फ विधेयकावरील संयुक्त समितीत सदस्यांची हीच तक्रार होती. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी अहवाल संसदेत मांडला गेला तेव्हा भिन्नमतपत्रिकांतला काही मजकूर वगळल्यावरून गदारोळ झाला आणि शुद्धिपत्र काढून तो जोडावा लागला. विधेयक कोणाला पटो वा न पटो, हा दोष कार्यपद्धतीचा आहे. लोकसभेच्या नियमांनुसार प्रवर समितीच्या (विधेयकाची छाननी करणाऱ्या समितीच्या) सदस्याची भिन्नमतपत्रिका संयत भाषेत हवी. असंसदीय, अप्रस्तुत किंवा 'अन्यथा अनुचित' शब्द लोकसभा अध्यक्ष काढू शकतात. पहिली दोन कारणे समजतात. तिसऱ्यात काहीही बसवता येते.

राज्यातल्या समित्यांपुरता साधा शिरस्ता घालता येईल. भिन्नमत देण्याची मुदत मसुद्यापासून नव्हे, अंतिम मंजूर मजकुरापासून मोजावी आणि ती किमान दहा दिवसांची असावी. कारण शेवटच्या फेरीत परिच्छेद वरखाली होतात, सदस्याने ४.१२ वर हरकत घेतलेली असते आणि छापील अहवालात ४.१२ भलतेच काही सांगत असतो. सदस्यानेही 'मला हा अहवाल मान्य नाही' असे मोघम लिहू नये. कोणता परिच्छेद, त्यातले कोणते वाक्य, का मान्य नाही, आधार काय आणि त्याजागी कोणते वाक्य हवे, एवढे दोन-तीन पानांत मावते. नुसती सही न करणे किंवा शेवटच्या बैठकीला दांडी मारणे म्हणजे भिन्नमत नव्हे. इतिवृत्तात त्याची नोंद 'अनुपस्थित' एवढीच होते.

समितीच्या अध्यक्षांनी आधी एक करून पाहावे. वादग्रस्त शिफारशीत बहुधा दोन-तीन गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. 'शुल्क वाढवावे व वसुली खासगी संस्थेकडे द्यावी' या वाक्याची दोन वाक्ये केली की पहिल्यावर सगळे राजी होतात आणि विरोध दुसऱ्यापुरता उरतो. त्यानंतरही जो उरेल तो खरा मतभेद. तो 'काही सदस्यांचे असे मत पडले' या गुळमुळीत वाक्यात बुडवू नये. किती जण बाजूने, किती विरोधात, हे आकडे त्या शिफारशीखालीच द्यावेत आणि पूर्ण पत्रिकेचा पृष्ठक्रमांक तिथेच छापावा. सारांशातही ही ओळ हवीच, कारण मंत्रिमंडळापुढच्या टिप्पणीत बहुधा सारांशच उतरतो.

यात अवघड काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या, व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा सदस्य असतात. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रत्येकाचे मत आणि त्यामागचे लेखी कारण नावानिशी प्रसिद्ध करण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे. जून २०२४ मध्ये दोघांनी रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) पाव टक्क्याने कमी करावा असे मत दिले. कपात झाली फेब्रुवारी २०२५ मध्ये. ते दोघे बरोबर होते की घाईत होते यावर वाद घालता येतो, तो त्यांची कारणे छापलेली आहेत म्हणूनच.

आणखी एक. अहवाल मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघत असेल तर पत्रिकाही दोन्हींत हवी, आणि भाषांतर त्या सदस्याला दाखवूनच छापावे. 'पुनर्विचार व्हावा' आणि 'रद्द करावे' यांतला फरक भाषांतरात सहज पुसला जातो.

— एक वाचक, ठाणे