पुण्याची तिकिटं काढली आहेत

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

पुढच्या रविवारची तुम्हा दोघांची सांगली-पुणे तिकिटं काढली आहेत आणि डॉक्टरांची वेळही घेतली आहे. न विचारता केलं, रागावू नका. फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि आईकडे फोन देतात. आप्पांच्या वेळीही सगळे "बघू"च म्हणत होते.

बाबा, तुमचं वजन 64 किलो आहे, मान्य. पण उपाशीपोटी साखर 118 आहे, बीपी 146/92, आणि दिवाळीत आईच्या शिवणाच्या टेपने बेंबीशी मोजलं तेव्हा पोट 98 सेंटीमीटर भरलं. पँटचा नंबर सांगू नका, पँट तुम्ही पोटाखाली बांधता. आपल्याकडे पुरुषांचं पोट 90 च्या आत हवं, बायकांचं 80 च्या. (आई, टेप तुलाही लावायचा आहे.)

हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र त्या ब्रिटिशाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वजनकाट्याला हे दिसत नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृतात जातात. मग यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, नको तेव्हा साखर सोडत राहतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करतं, करता करता थकतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि बीपी चढायला मदत होते. म्हणून साखरेचं वेगळं, बीपीचं वेगळं असं बघून चालणार नाही. आणि 118 म्हणजे अजून डायबेटिस नाही, हे तर चांगलंच आहे. आत्ताच हातपाय हलवले तर तो लांब ठेवता येतो.

लहानपणी त्याच पोटावर डोकं ठेवून आतली गुडगुड ऐकत मी झोपायचे. अजूनही कुणी बाबांसारखं खाकरलं की मी वळून बघते.

इथे तुमची काही गैरसोय होणार नाही. रस्त्याकडची खोली तुम्हाला दिली आहे, कापसाची गादी पिंजून आणली आहे, कमोड आहे, पेपर सहाला येतो. घराची किल्ली शेजारच्या काकूंना द्या, तुळशीला पाणी घालायचं त्यांनी कबूल केलंय. करमलं नाही तर महिन्याने मीच पोचवायला येईन.

तोवर रात्री भात वाटीभरच. पापड-लोणचं बंद, चहा बिनसाखरेचा. संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत दोघांनी चालत जा, रिक्षा नको. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, लाडू करून आणू नकोस, खरंच. जुने रिपोर्ट निळ्या पिशवीत भरून ठेव. बाबांना विचारू नकोस, ते नाही म्हणतील.

तुमची,
बेबी