नोडसाठी आधी एसएसडी आणि यूपीएस घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरी पडून असलेल्या जुन्या संगणकावर बिटकॉइनचा पूर्ण नोड (सगळे व्यवहार उतरवून स्वतः तपासणारे सॉफ्टवेअर, बहुधा बिटकॉइन कोअर) चालवता येईल का, असे विचारणारे आता बरेच भेटतात. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कंपन्यांनी काढून टाकलेली सहाव्या-सातव्या पिढीची छोटी डेस्कटॉप यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत सेकंडहँड बाजारात येत आहेत. नोडसाठी ही यंत्रे उत्तम आहेत. मात्र त्यांत आधीच बसवलेल्या हार्ड डिस्कवर नोड चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. पूर्ण नोड म्हणजे मायनिंग (नवी नाणी कमावण्याचे काम) नव्हे. त्यातून एक रुपयाही मिळत नाही. प्रत्येक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) नियमांप्रमाणे आहे की नाही हे दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास न ठेवता स्वतः तपासता येणे, एवढाच त्याचा लाभ, आणि तो मोठा आहे. नोडसाठी पैसे गुंतवा, दरमहा परतावा घ्या, असे कोणी सांगत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

आता हार्ड डिस्क का नको ते पाहू. या ब्लॉकची साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, आज ६०० जीबीच्या पुढे गेली आहे आणि वर्षाला साधारण ८० ते ९० जीबीने वाढते. हे ब्लॉक एकामागोमाग लिहिले जातात, ते काम हार्ड डिस्कही करते. अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी. अजून खर्च न झालेल्या नाण्यांची एक यादी नोड वेगळी ठेवतो. ती डिस्कवर दहा जीबीहून मोठी आहे. येणाऱ्या प्रत्येक व्यवहारासाठी या यादीत कुठेतरी मधलीच नोंद शोधावी लागते, खोडावी लागते, नवी घालावी लागते. फिरणारी हार्ड डिस्क अशा विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभरएक वाचते, साधी साटा एसएसडीही हजारोंनी वाचते. म्हणून चांगल्या एसएसडीवर एक-दोन दिवसांत संपणारी पहिली जुळणी (सगळी ब्लॉकचेन उतरवून तपासणे) हार्ड डिस्कवर कित्येक आठवडे रेंगाळते. लॅपटॉपच्या अडीच इंची मोठ्या हार्ड डिस्क बहुधा एसएमआर पद्धतीच्या (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) असतात, त्यांची गत आणखी वाईट होते. घरात मोठी हार्ड डिस्क असेलच आणि ती वापरायचीच असेल, तर ‘ब्लॉक्सडिर’ या सेटिंगने फक्त ब्लॉकच्या फायली तिच्यावर ठेवाव्यात आणि नाण्यांची यादी छोट्या एसएसडीवर. ही तडजोड चालते.

एसएसडी घेतानाही नुसते आकडे पाहून भागत नाही. टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट ठेवणारी) आणि स्वतःचा डीरॅम कॅश (वेगवान तात्पुरती मेमरी) असलेली घ्यावी. स्वस्त क्यूएलसी (पेशीत चार बिट ठेवणारी) एसएसडी पहिले काही दहा जीबी भराभर लिहिते, मग तिचा आतला कॅश भरतो आणि वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर उतरतो. एक टीबी आज पुरते, पण दोन-तीन वर्षांत भरत येईल. त्यातच व्यवहारांची अनुक्रमणिका किंवा इलेक्ट्रम सर्व्हर (वॉलेटला व्यवहारांची माहिती पुरवणारा) चालवायचा असेल, तर सरळ दोन टीबी घ्यावी. जुनी एसएसडी विकत घेताना स्मार्टसीटीएल हे डिस्क तपासणारे सॉफ्टवेअर चालवून किती टक्के झिजली आहे आणि किती तास चालली आहे ते दुकानातच पाहावे.

एवढा खर्च झेपत नसेल, तर ‘प्रून’ करून चालवावे. अशा नोडमध्ये सगळी ब्लॉकचेन उतरवून तपासली जातेच, फक्त जुने ब्लॉक पुसले जातात. कमीत कमी मर्यादा ५५० एमबी आहे. ती दहा जीबी ठेवली तर १२८ जीबीच्या एसएसडीवरही सगळे नीट मावते. पडताळणीत काहीही कमी होत नाही. अडते ते एवढेच, की इलेक्ट्रम सर्व्हर चालत नाही आणि जुन्या वॉलेटचा फार मागचा इतिहास शोधायचा झाल्यास सगळे पुन्हा उतरवावे लागते.

प्रोसेसरबद्दल फार विचार करू नये. ६४-बिट, दोन किंवा चार कोअरचा कोणताही चालतो. रॅम ८ जीबी असावी. पहिली जुळणी चालू असताना ‘डीबीकॅश’ ४००० एमबी ठेवला तर नाण्यांच्या यादीचा मोठा भाग रॅममध्ये राहतो आणि डिस्कवरचा ताण उतरतो. जुळणी पूर्ण झाली की तो परत ४५० वर आणावा. कारण मोठा कॅश डिस्कवर उतरायच्या आत वीज गेली, तर तेवढे काम नोडला पुन्हा करावे लागते. सेकंडहँड यंत्राची रॅम मेमटेस्टवर रात्रभर तपासून घ्यावी. एखादा बिट अधूनमधून चुकणारी रॅम रोजच्या वापरात कळतही नाही. इथे मात्र लॉगमध्ये ‘ब्लॉक चेकसम मिसमॅच’ अशी ओळ येते आणि नोड थांबतो. मग ‘रीइंडेक्स-चेनस्टेट’ करावे लागते, म्हणजे तपासणी मुळापासून पुन्हा. तरी तीच ओळ परत आली, तर दोष रॅमचा, केबलचा किंवा एसएसडीचा आहे असे धरावे. सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नये.

रास्पबेरी पाय या एकाच बोर्डवरच्या छोट्या संगणकाचे नाव या विषयात हटकून निघते. पाय ५ चालतो. त्यात पीसीआय एक्स्प्रेसची (एसएसडी थेट जोडण्याची) सोय आहे आणि हॅशिंगच्या (ब्लॉक तपासताना लागणाऱ्या गणिताच्या) खास सूचनाही आहेत, ज्या पाय ४ मध्ये नव्हत्या. पण बोर्ड, ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर, एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) बसवण्याचा हॅट, पेटी आणि पंखा मिळून होणारा खर्च जुन्या मिनी पीसीपेक्षा कमी राहत नाही. शिवाय यूएसबीला लावलेल्या एसएसडीचा स्वस्त अडॅप्टर यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलण्याची वेगवान पद्धत) नीट पाळत नाही, डिस्क अचानक गायब होते आणि बिघाड शोधण्यात दिवस जातात. साध्या मोबाइल चार्जरवर चालवला तर व्होल्टेज पडते आणि तसेच होते. मिनी पीसीत एसएसडी थेट आत बसते. माझे मत स्पष्टपणे मिनी पीसीच्या बाजूने आहे.

वीज हा आपल्याकडचा खरा प्रश्न. दोन बाजूंनी. १२ वॅट घेणारा मिनी पीसी महिन्याला नऊएक युनिट खातो, ६० वॅटचा जुना टॉवर ४३. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटनंतरचा टप्पा चांगलाच महाग आहे, त्यामुळे फुकटचा टॉवर वर्षभरात महाग पडतो. दुसरी बाजू वीज जाण्याची. लिहिणे चालू असताना वीज गेली तर डेटाबेस बिघडू शकतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस मिनी पीसी, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २५ वॅटचा भार तासाहून अधिक सांभाळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर आहे ना, हे पाहावे. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला लागणाऱ्या वेळात संगणक बंद पडू शकतो. यूपीएसला यूएसबी असेल तर ‘नट’ हे सॉफ्टवेअर बसवावे, म्हणजे बॅटरी संपत आली की नोड स्वतःहून नीट बंद होतो. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, ती चालू करावी. लॅपटॉप वापरणाऱ्यांना बॅटरी आयतीच मिळते, पण ती सतत १०० टक्के भरलेली ठेवली तर फुगू शकते. चार्जिंगची मर्यादा लावता येत असेल तर ८० टक्के ठेवावी.

बायोसचा विषय निघालाच आहे, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल आल्या आल्या बदलून टाकावा. तो मेला असेल तर वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते. घड्याळापेक्षा दोन तासांहून पुढची वेळ असलेला ब्लॉक नोड स्वीकारत नाही, त्यामुळे प्रत्येक नवा ब्लॉक नाकारला जातो. काही वेळा डेटाबेसमध्ये भविष्यातला ब्लॉक आहे असे सांगून नोड सुरूच होत नाही. अशा वेळी लोक एसएसडीवर संशय घेतात.

ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन १३ किंवा उबंटू २४.०४ एलटीएस घ्यावी, डेस्कटॉपशिवाय. विंडोजवर बिटकॉइन कोअर चालते, यात वाद नाही. पण अपडेटनंतर यंत्र मध्यरात्री स्वतःच रीस्टार्ट होते आणि अँटिव्हायरस ब्लॉकच्या फायली चाळत बसतो. ब्लॉकचेनमध्ये कोणीतरी जुन्या व्हायरसची खूण टाकून ठेवल्याने २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने या फायलींवर धोक्याचा शिक्का मारला होता. आवृत्ती २८ पासून नव्या नोडवर ब्लॉक फायली थोड्या अस्पष्ट करून लिहिल्या जातात, तरी विंडोजवर डेटा फोल्डर अँटिव्हायरसमधून वगळावे. फाइल सिस्टिम ईएक्सटी४ ठेवावी, एक्सफॅट कधीच नाही. ट्रिमचा (पुसलेल्या जागेची माहिती एसएसडीला देण्याचा) साप्ताहिक टायमर चालू आहे का ते तपासावे. अम्ब्रेल किंवा स्टार्टओएससारखी तयार सोय नवख्याला सोपी वाटते आणि ती वाईटही नाही, पण काही बिघडले की आत काय चालले आहे ते समजायला आणखी एक थर उलगडावा लागतो.

सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. सोबतच्या एसएचए२५६ (फायलींच्या ठशांच्या) यादीशी फाइल ताडून पाहावी आणि त्या यादीवरच्या सह्या जीपीजीने तपासाव्यात. नोडसाठी वेगळा वापरकर्ता करावा आणि सिस्टिमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा लिहावी. तिथे थांबण्याची मुदत ६०० सेकंद ठेवणे विसरू नये. मूळ मुदत ९० सेकंदांची असते, तेवढ्यात मोठा कॅश डिस्कवर उतरला नाही तर सिस्टिम नोडला मारून टाकते.

इंटरनेटसाठी वायफायऐवजी केबल वापरावी. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती जोडण्या सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना बाहेरचा एकच पत्ता देणाऱ्या व्यवस्थेमागे) असतात, त्यामुळे राउटरमध्ये ८३३३ पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी येत नाही. घाबरू नये, बाहेर जाणाऱ्या दहा जोडण्यांवर नोड पूर्ण काम करतो. इतरांना सेवा द्यायची असेल तर टॉर या निनावी नेटवर्कचा पत्ता घ्यावा. मासिक मर्यादा ३.३ टीबी असलेल्या प्लॅनमध्ये पहिली जुळणी सहज बसते, पण पुढे ‘मॅक्सअपलोडटार्गेट’ ही पाठवण्यावरची मर्यादा लावून ठेवलेले बरे.

विदर्भात उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांच्या वर जाते, तिथे एनव्हीएमईला हीटसिंक हवाच, नाहीतर ती वेग कमी करते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत यंत्र बंद करून वर्षातून दोनदा पंखा आणि कनेक्टर साफ करावेत.

इथेरियमसाठी वरचे यंत्र पुरणार नाही. सप्टेंबर २०२२ च्या मर्ज या बदलानंतर तिथे एक्झिक्युशन आणि कन्सेन्सस असे दोन क्लायंट एकत्र चालवावे लागतात. चार टीबीची चांगली एनव्हीएमई आणि ३२ जीबी रॅम धरून चालावे. डीरॅम नसलेली एसएसडी तिथे बऱ्याचदा जुळणीच पूर्ण करू शकत नाही, मागेच पडत जाते.

बॅकअप घ्यायचा तो कॉन्फिगरेशन फाइलचा. ब्लॉकचेन कधीही पुन्हा उतरवता येते. वॉलेटच्या किल्ल्या मात्र या यंत्रावर ठेवूच नयेत, त्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (किल्ल्या वेगळ्या ठेवणाऱ्या छोट्या उपकरणात) असाव्यात आणि नोडचा उपयोग फक्त शिल्लक पाहण्यासाठी व व्यवहार पाठवण्यासाठी करावा.

आपला,
एक वाचक, नाशिक