आमच्या परतण्यासाठी काही अडवून ठेवू नका

गुवाहाटी,
नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र पोचले. फोन रोज होत असला तरी तुम्ही सवडीने चार पाने लिहिलीत, तेव्हा त्यांचे उत्तर फोनवर उरकणे मला प्रशस्त वाटले नाही. शिवाय फोनवर आई "इकडे सगळे बरे आहे" एवढेच म्हणते, तुम्ही "पैशाचे काही अडले तर सांग" म्हणता, आणि मुलांच्या गलक्यात मुद्द्याचे बोलणे राहून जाते. घराविषयी आणि भूकंप-पुराविषयी तुम्ही विचारले आहे, त्याचे समाधान मी सहज करू शकते. पण शेवटच्या पानावर "दोन वर्षांची मुदत संपल्यावर परत येणार ना?" असे जे विचारले आहे, त्याबद्दल जरा विस्ताराने लिहायचे आहे.

आधी घराचे सांगते. उझान बाजार ही गुवाहाटीची जुनी वस्ती ब्रह्मपुत्रेच्या अगदी काठाला आहे, आणि तिथे आम्हाला 'आसाम टाइप' म्हणतात तसले एक जुने घर भाड्याने मिळाले आहे. पुण्यातला फ्लॅट सोडून पत्र्याच्या घरात गेलो, हे ऐकून आईला वाईट वाटले होते, म्हणून मुद्दाम खुलासा करते. जोते चांगले उंच आहे, चौकट लाकडी आहे, आणि भिंती विटांच्या नसून इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या कुडावर गिलावा करून उभारलेल्या आहेत. वर उतरते पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली लाकडी तक्तपोशी आहे. १८९७च्या मोठ्या भूकंपात दगड-विटांच्या इमारती कोसळल्या आणि त्यानंतर या हलक्या घरांची पद्धत इकडे रुळली. घर हलते, पण अंगावर कोसळत नाही, असे घरमालकीणबाई सांगतात. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि मागच्याच खोल्यांत राहतात. २०२१च्या एप्रिलमध्ये ६.४ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा शेजारच्या पक्क्या इमारतीला तडे गेले, मात्र या घराचा थोडा गिलावा तेवढा सुटला. ती जागा त्यांनी मला स्वतः बोट लावून दाखवली, आणि मगच भाड्याचा आकडा सांगितला.

बाबा, भूकंपाची भीती तुम्ही मला समजावून सांगावी आणि मी ती तुम्हाला समजावू नये, हे मला कळते. ११ डिसेंबर १९६७ची पहाट तुम्ही पाटण तालुक्यात अनुभवली आहे, आणि पुढे कित्येक रात्री सगळे गाव खळ्यात झोपत होते, हे तुमच्याच तोंडून ऐकत मी लहानाची मोठी झाले. पुढे त्याच कोयना प्रकल्पावर तुम्ही उभी नोकरी केलीत. आसाम भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात येतो, हे मी नाकारत नाही. म्हणूनच घर पाहताना तुम्ही शिकवलेल्या गोष्टी आधी पाहिल्या. पलंगाच्या डोक्याशी जड कपाट ठेवलेले नाही, दार बाहेर अंगणात उघडते, आणि गॅसची टाकी कुठे बंद करायची ते थोरलीलाही ठाऊक आहे.

पुराबाबत मात्र तुम्ही निश्चिंत राहा. गुवाहाटीत वर्षाला पडणारा पाऊस कोयनानगरच्या मानाने फारच कमी असतो. इथली नदी चढते ती वर अरुणाचलात पडणाऱ्या पावसाने आणि हिमालयातल्या बर्फाच्या पाण्याने. आपल्या घराजवळच कचेरीच्या घाटावर तिची पातळी मोजली जाते, ४९.६८ मीटर ही तिथली धोक्याची पातळी आहे, आणि आपले घर त्याहून बरेच उंचावर आहे. शहरात पाणी तुंबते ते अनिलनगर, नवीननगर अशा खोलगट भागांत, आणि त्याला कारण ब्रह्मपुत्रा नसून बुजलेले नाले आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेचे पाणी कराडात शिरले तेव्हा तुम्ही दोघे वरच्या मजल्यावर बसून होतात आणि काळजी मी करत होते, हे विसरू नका.

सामानाचा ट्रक पुण्याहून निघाला तो सिलिगुडीच्या आसपास बरेच दिवस अडकून पडला. वाहतूकवाल्याने रोज निराळे कारण सांगितले. अखेर सामान आले तेव्हा आईने दिलेल्या चिनीमातीच्या बरण्यांपैकी लहान बरणी फुटली होती. मोठी शाबूत आहे आणि तिच्यात सध्या तुझेच लिंबाचे लोणचे आहे. गॅसचे कनेक्शन, गाडीची ना-हरकत, इथल्या परिवहन कार्यालयातली नोंदणी ही सारी कामे जावयांनी एकट्याने केली. तेच हल्ली घरून काम करत असल्यामुळे दिवसभर मुलांपाशी असतात. सातारच्या आत्याबाईंनी लग्नात "जावई बायकोच्या बदलीमागे हिंडतो" असे चारचौघांत म्हटल्याचे आईने सांगितले. त्यांना कळवा की काकांच्या बदल्यांमागे आत्याबाई जन्मभर हिंडल्या, तेव्हा आम्ही कोणी काही बोललो नव्हतो.

घरघंटी सोबत आणली हे फार बरे झाले. इथल्या गिरणीत गहू दळून मिळतो, पण ज्वारी पाहून गिरणीवाला ती गुरांसाठी आहे का असे विचारू लागला. फॅन्सी बाजारात एका सोनाराच्या पेढीमागे सोने गाळणारे विट्याकडचे एक कुटुंब भेटले. गलाईच्या धंद्यात आपल्याकडची माणसे देशभर पसरली आहेत हे ऐकून ठाऊक होते, तरी "कुठल्या गावच्या?" असे सरळ आपल्या बोलीत कोणी विचारल्यावर मला पुढे बोलताच येईना. त्यांच्याकडे शाळू मिळतो. त्यामुळे आई, पीठ पाठवू नकोस, ते वाटेत खवट होते. कांदा-लसणाचा मसाला मात्र जरूर पाठव. इथे मोहरीच्या तेलाचा वास अजून अंगवळणी पडलेला नाही. धाकटा मात्र मालकीणबाईंच्या घरी भात आणि 'ओउ टेंगा' नावाच्या आंबट फळाची डाळ चाटूनपुसून खातो आणि आमच्याकडे येऊन भूक नाही म्हणतो.

थोरलीची शाळा पुण्यातही केंद्रीय विद्यालयच होती, त्यामुळे वर्षाच्या मध्यात प्रवेश मिळायला अडचण आली नाही. सुरुवातीला ती वर्गात गप्प असे. ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच निर्णयात असमियाही होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला वर्गापुढे उभे करून मराठीत काहीतरी म्हणायला सांगितले, तेव्हा तिने बाबांनी पाठ करून घेतलेला 'सुंदर ते ध्यान' अभंग म्हटला. तिला आता मालकीणबाई असमिया मुळाक्षरे शिकवतात, आणि ती त्यांना 'आइता', म्हणजे आजी, म्हणते. आई, यात तुला खट्टू होण्यासारखे काही नाही. आज्या जितक्या मिळतील तितक्या तिला हव्याच आहेत.

आता मुख्य विषयाकडे येते. ईशान्येतल्या नेमणुकीला ठरावीक मुदत असते, आणि ती पुरी झाल्यावर पसंतीचे ठिकाण मागता येते, ही तुमची माहिती बरोबर आहे. पण मी साहेबांना सांगून ठेवले आहे की जमल्यास मुदतीनंतरही मला इथेच राहू द्यावे. पुण्यात माझा सारा वेळ निविदा आणि पत्रव्यवहार यांत जात होता. इथे पावसाळ्यात दर तासाला नदीची पातळी येते, तिच्यावरून पुढचा अंदाज बांधायचा आणि तो जिल्ह्यांना कळवायचा असतो. तो अंदाज वेळेत गेला तर चराच्या, म्हणजे नदीतल्या बेटांवरच्या, लोकांना गुरेढोरे घेऊन बाहेर पडता येते. आम्ही आलो तेव्हा पावसाळा ओसरत होता. पुढचा पहिल्यापासून पाहायचा आहे आणि त्याच्या पुढचाही. ज्या शिक्षणासाठी तुम्ही कर्ज काढलेत ते इतक्या वर्षांनी कामी येत आहे, आणि ते अर्धवट टाकून यावेसे मला वाटत नाही. परत येणारच नाही असे मी म्हणत नाही, पण दोन वर्षांनी येईनच असा शब्द आज देऊन तुम्हाला त्या भरवशावर ठेवणे मला योग्य वाटत नाही.

कारण तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन "तुम्ही आल्यावर बघू", मागच्या खोलीची गळती "तुम्ही आल्यावर काढू", वरचा मजला "तुमच्यासाठी ठेवलाय". आमची बदली दोन वर्षांची आहे असे धरून तुम्ही स्वतःची दोन वर्षे कुलूप लावून ठेवली आहेत. हे मला पटत नाही, आणि मुलगी म्हणून स्पष्ट सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी समजते.

आईचा एक्स-रे मी पाहिला आहे. उजव्या गुडघ्यातली झीज औषधाने भरून येणारी नाही, असे डॉक्टरांनी तुमच्यादेखतच सांगितले होते. जिना चढवत नाही म्हणून तिने देवळात जाणे सोडले, आणि आता मंडईतही जात नाही असे शेजारच्या काकूंकडून कळते, तिच्याकडून नाही. माझी अर्जित रजा शिल्लक आहे. संक्रांत झाली की जानेवारीच्या अखेरीस ऑपरेशन ठरवा. मी तीन आठवडे येऊन राहते, मुलांकडे जावई आणि आइता पाहतील. पहिले दिवस मी असेन, माझ्यानंतर वाळव्याची मावशी यायला तयार आहे, तिच्याशी माझे बोलणे झाले आहे. व्यायाम घ्यायला घरी येणारा फिजिओथेरपिस्ट आधीच ठरवून ठेवू, कारण ऑपरेशन चांगले होऊन व्यायामाच्या कंटाळ्याने पाय आखडलेली माणसे आपल्याच गल्लीत आहेत. त्याआधी खालच्या मजल्यावर कमोड बसवून घेणे अत्यावश्यक आहे. आईला त्यानंतर खाली बसता येणार नाही. गवंडी घरात आलाच आहे तर गळतीचे कामही त्याच्याकडूनच करून घ्या.

वरचा मजला भाड्याने द्या. एखादे नोकरदार जोडपे किंवा महाविद्यालयातले कोणी मिळाले तर पैशापेक्षा रात्री घरात माणूस असण्याचा उपयोग मोठा आहे. आमची पुस्तके आणि पितळी भांडी एका खोलीत कुलपात ठेवली की पुरे. आम्ही सुट्टीला येऊ तेव्हा खाली तुमच्यात झोपू, मुलांना तेच आवडते. "लेकीची जागा भाड्याने कशी देऊ?" असे आई म्हणेल, पण त्या जागेत वर्षातून मोजके दिवस राहणाऱ्या लेकीचीच ही विनंती आहे.

तुम्ही इकडे यायचे ते या हिवाळ्यात नको. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात या, तोवर आईचा पाय चालता झालेला असेल. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गाडी आहे, पण तिला दोन रात्री लागतात. आईला मुंबईहून विमानाने तीन-साडेतीन तासांत आणू. इथे त्या दिवसांत हवा छान असते, फक्त डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, त्याची तयारी ठेवा. आईला कामाख्येचे दर्शन घ्यायचे आहे, नीलाचल टेकडीवर देवळापर्यंत गाडी जाते. मात्र तिथे बोकडाचा बळी दिला जातो, आणि आई माळकरी असल्यामुळे हे आधीच सांगून ठेवते. नको वाटले तर ब्रह्मपुत्रेतल्या उमानंदाच्या बेटावर होडीने जाऊ. तिथे पायऱ्या आहेत, म्हणून आधी गुडघा.

डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात ना? या आठवड्यातच जाऊन ऑपरेशनची तारीख घ्या आणि मला कळवा, म्हणजे मी रजेचा अर्ज देऊन तिकीट काढते. बाबा, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला महिना संपण्याआधी द्यायचा आहे. बँकेत रांगेत उभे राहायचे नसेल तर मोबाइलवरून चेहरा दाखवून तो देता येतो, रविवारी व्हिडिओ कॉलवर मी दाखवते. आजोबांना पत्र लिहायचे म्हणून थोरलीने यासोबत एक पान जोडले आहे. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवा, तिला तसे हवे आहे.

तुमची,
लेक